जुन्या मोटारीच्या इंजिनातील तेलाची वाट

आपल्या संघाच्या सभासदांपैकी काहींच्या वाड्यांत, वखारीमागील पडवीत अथवा गिरणीच्या आवारात वाडवडिलांच्या वेळची एखादी मोटार आजही उभी आहे. विजयादशमीस तिला झेंडूची माळ पडते, कोणीतरी बॅटरी जोडतो, गाडी सुरू होते, आणि इंजिन थंड असतानाच जोराने पेट्रोल देऊन तिचा आवाज मुलाबाळांस ऐकविला जातो. पाच मिनिटांनी ती जी बंद होते ती पुढील वर्षापर्यंत. त्या पाच मिनिटांत इंजिनाच्या पोटात धातूवर धातू कोरडा घासला जातो. ते डोळ्यांस दिसत नाही, म्हणून कोणाच्या मनातही येत नाही. गाडी सुरू झाली, म्हणजे ती धडधाकट आहे, असा सर्वांचा समज होतो.

आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी. यंत्रविद्येचे पदवीधर नव्हे. तथापि आमच्या घरी १९३८ सालची शेव्हरलेट मोटार आहे, आणि तिच्या निमित्ताने जुन्या इंजिनांतील तेलाच्या प्रवासाचा अभ्यास आम्हांस करावा लागला. त्यातून जे हाती आले ते सभासद बंधूंच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे मांडीत आहोत.

इंजिनात तेल कशासाठी असते, हे प्रथम पाहिले पाहिजे. फिरता क्रँक आणि त्यास धरून ठेवणारे बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा एक अत्यंत पातळ थर राहतो, व त्या थरावर क्रँक जणू तरंगत असतो. थर आहे तोवर धातू धातूस शिवत नाही. थर तुटला की मऊ मेटल काही क्षणांत तापते, वितळते आणि निघून जाते. तेल उष्णता वाहून नेते, काजळी धुऊन काढते, गंज आवरते; पण ही सर्व कामे ते त्या जागी पोचले तरच होतात. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगावयाचे तर वखारीत हजार पोती असून उपयोग नाही. गिऱ्हाइकाच्या दारी पोते उतरले पाहिजे. डिपस्टिकवर तेल भरपूर दिसते याचा अर्थ इतकाच की वखार भरलेली आहे.

हल्लीच्या इंजिनात ही पोचवणूक सोपी असते. पंप तेलास दाबाने ढकलतो, ते गाळणीतून जाते, आणि क्रँकमध्ये पाडलेल्या छिद्रांतून प्रत्येक बेअरिंगपर्यंत पोचते. ज्यांची जवानी ॲम्बॅसडर आणि फियाट या गाड्यांत गेली त्यांच्या मनात हीच रचना पक्की बसलेली असते. परंतु त्याहून जुन्या गाड्यांत तेलाची वाट निराळी होती, आणि ती प्रत्येक गाडीत निराळी होती.

फोर्ड कंपनीची टी मॉडेल गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत निघत होती. तीत तेलाचा पंपच नव्हता. मागील बाजूचे फ्लायव्हील तेलात बुडून फिरे व तेल वर उडवी. त्यातील काही तेल एका लहानशा नरसाळ्यात पडे, तेथून नळीने इंजिनाच्या पुढील टोकास दंतचक्रांवर जाई, आणि उताराने मागे परतताना चेंबरातील पन्हळींत साचे. कनेक्टिंग रॉडची टोके त्या पन्हळींत बुडून आपापल्यापुरते तेल घेत. सपाट रस्त्यावर ही युक्ती नामी होती. पण लांबलचक चढावर गाडीचे नाक वर झाले म्हणजे तेल मागे ओढले जाई व पहिल्या रॉडचे बेअरिंग कोरडे पडे. आंबोली किंवा चोर्ला घाटासारखा रस्ता अशा गाडीस किती जाचक, हे यावरून समजेल. म्हणून टी मॉडेल बाळगणारे लोक अधिक रुंद तोंडाचे नरसाळे व मोठ्या व्यासाची नळी बसवितात, किंवा बाहेरून दुसरी नळी काढून तेल पुढील टोकास नेतात. ही सुधारणा जगभर रूढ आहे व तिच्यात धोका नाही. तिने दाब वाढत नाही, कारण दाब मुळात नाहीच. वाट मात्र रुंद होते.

त्यानंतरच्या ए मॉडेलमध्ये फोर्डने पंप बसविला, पण तो तेल केवळ वर व्हॉल्व्हच्या कप्प्यात चढवी. तेथून ते आपल्या वजनाने मुख्य बेअरिंगांवर उतरे. गावातील पाण्याच्या टाकीसारखेच हे म्हणा ना. रॉडना तेथेही पन्हळीचाच आधार होता.

आता शेव्हरलेटकडे वळू. कारण आपल्या बाजूस ही गाडी पुष्कळ आली. मुंबईस शिवडी येथे जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना १९२८ साली सुरू झाला होता, आणि तेथून बाहेर पडलेल्या गाड्या व ट्रक व्यापारी पेठांत सर्वत्र पसरले. १९३७ सालापासून या गाड्यांत २१६ घनइंची, म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन येऊ लागले. त्यातील तेलाची व्यवस्था मोठी चमत्कारिक आहे. मुख्य बेअरिंगे आणि कॅमशाफ्टची बेअरिंगे यांस पंप दाबाने तेल पुरवितो. सहा रॉडना मात्र तो तसे पुरवीत नाही. चेंबरात प्रत्येक रॉडखाली एकेक पन्हळ असते, आणि रॉडच्या टोपीस खाली एक लहानशी पळी असते. इंजिन मंद चालते तेव्हा पळी पन्हळीतून तेल उचलते. वेग वाढला म्हणजे चेंबरातील सहा तोट्यांतून तेलाच्या धारा उडतात, आणि फिरती पळी आपल्या तोंडाने ती धार झेलते. झेललेले तेल पळीच्या छिद्रातून बेअरिंगात जाते. शिवाय एक बारीक नळी वर रॉकरच्या दांड्यांच्या मध्यापर्यंत जाते व तेथून तेल दोन्ही टोकांकडे पसरते.

या गाडीची सारी प्रकृती या रचनेत आहे. ती ज्यास ठाऊक नाही तो मिस्त्री कितीही कुशल असो, त्याचा उपाय उलटण्याचा संभव असतो. याचा अनुभव आम्ही घेतला आहे. काही वर्षांपूर्वी गाडीच्या दाबाच्या काट्यावर जेमतेम चौदा पौंड दिसत असल्याचे पाहून एका मिस्त्रीने मान हलविली, इंजिन थकले आहे असे सांगितले, आणि आम्ही परगावी असता ५० क्रमांकाचे जाड तेल भरले. काटा तत्काळ वर चढला. घरची मंडळी खूश झाली. आठ दिवसांत दोन रॉड ठोकू लागले.

असे का झाले, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. पहिली गोष्ट अशी की, या इंजिनात चालत्या गाडीत चौदा पौंडांच्या आसपासचा दाब हाच निरोगी दाब आहे. कारखान्याने दिलेला काटाच मुळी तीस पौंडांपर्यंतचा असतो. ॲम्बॅसडरचा चाळीस-पन्नास पौंडांचा हिशेब येथे लावणे म्हणजे ज्वारीच्या मापाने केशर मोजण्यासारखे होय. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. काटा दाब दाखवितो. ओघ दाखवीत नाही. तेल जाड झाले म्हणजे ते वाटेतून सरकत नाही, तुंबते, आणि तुंबल्यामुळेच दाब चढतो. चढलेला काटा हा पुष्कळदा अडलेल्या मालाचा पुरावा असतो. रोजमेळात रक्कम मोठी दिसते, पण ती उधारीत अडकलेली असते, तसलाच हा प्रकार. इकडे पन्हळीतील जाड, थंड तेलात पळी फिरली की ती आपल्यापुरती चर पाडते आणि त्या चरात तेल लवकर भरून येत नाही; पळी रिकामीच फिरते. तोटीतून उडणारी धारही लुळी पडते. काट्यावर वैभव आणि रॉडवर दुष्काळ, अशी स्थिती होते.

कारखान्याच्या काळात या इंजिनास हलकेच तेल, म्हणजे २० क्रमांकाच्या आसपासचे, सुचविलेले असे. आमच्या गाडीस १० डब्ल्यू ३० तेल मानवते. बेअरिंगे बरीच झिजली असतील तर १५ डब्ल्यू ४० पर्यंत जावे. त्यापलीकडे जाऊ नये. चेंबरात पाच अमेरिकन क्वार्ट, म्हणजे सुमारे पावणेपाच लिटर तेल मावते.

मग ओघ सुधारावयाचा कसा? आमचे स्पष्ट मत असे की, प्रथम वाट साफ करावी. पंपाकडे नंतर पाहावे. नवीन काही जोडण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा. बहुतेक लोक याच्या नेमके उलट करतात.

वाट साफ करणे म्हणजे चेंबर उतरविणे. यास पर्याय नाही. आपल्याकडे जुन्या तेलाबरोबर रॉकेल घालून इंजिन थोडे फिरवावयाचे व मग बूच काढून सर्व सोडून द्यावयाचे, अशी चाल आहे. या गाडीत ती घातक आहे. खालचे बूच काढल्याने चेंबर रिकामे होते, पण पन्हळी रिकाम्या होत नाहीत. त्या वाटीसारख्या भरलेल्याच राहतात. म्हणजे रॉकेलमिश्रित पातळ द्रव नेमका रॉडखाली शिल्लक राहतो, आणि नवे तेल घालून गाडी सुरू करताच पळी प्रथम तोच उचलते. शिवाय रॉकेलाने सुटलेला गाळ पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो, तो निराळाच.

चेंबर उतरविले म्हणजे जे दिसते ते पाहण्यासारखे असते. जुन्या काळच्या साध्या तेलात घाण धरून ठेवणारी द्रव्ये नव्हती. काजळी, पाण्याचा अंश आणि धूळ तळाशी बसत. आमच्या गाडीच्या चेंबरात करवंदाच्या पाकासारखा काळा, चिकट थर बोटाच्या एका पेराएवढा साचला होता. पंपाच्या जाळीचा अर्ध्याहून अधिक भाग त्याने लिंपला होता आणि दोन तोट्या तर पूर्ण बुजलेल्या होत्या. ठोकणारे दोन रॉड याच तोट्यांसमोरचे निघाले. म्हणजे जाड तेलाने केवळ शेवटचा घाव घातला. उपासमार बरीच वर्षे चालू असली पाहिजे.

गाळ लाकडी पट्टीने खरवडावा, रॉकेलाने धुवावे, कोरडे करावे. पुसण्यास सूत सुटणारे फडके वापरू नये. एक धागा तोटी बंद करण्यास पुरतो. तोट्यांत तार खुपसू नये. त्यांचा रोख ठरलेला असतो आणि तो किंचितही बदलला तर धार पळीच्या बाजूने निघून जाते. हा रोख तपासण्यासाठी कंपनीने एक माप काढले होते: चेंबर समपातळीत ठेवावयाचे, तेलाच्या तोंडास पाण्याची नळी जोडावयाची, आणि प्रत्येक धार मापाच्या छिद्रातून जाते की नाही हे पाहावयाचे. ज्यांस ते माप मिळत नसेल त्यांनी निदान सहाही धारा सारख्या, सरळ आणि अखंड येतात की नाही हे पाण्याने पाहावे. आम्ही ही परीक्षा अंगणात केली तेव्हा शेजारपाजारची मुले कारंजे पाहावयास जमली होती. परीक्षेनंतर पाण्याचा थेंबही राहू देऊ नये.

त्याच वेळी पंप उघडावा. त्यात दोन दंतचक्रे असतात. ती सहसा फारशी झिजत नाहीत. झिजते ते त्यांवरील झाकण. दंतचक्रे घासून त्यावर वर्तुळाकार खाच पडते आणि त्या खाचेतून तेल परत फिरते. काचेच्या सपाट तुकड्यावर बारीक पॉलिशपेपर ठेवून झाकण घासावे, खाच नाहीशी होईपर्यंत. झाकणाखालील कागदी पॅकिंग पूर्वीइतकेच पातळ असावे. जाड पुठ्ठा कापून बसविला तर पंपाची शक्ती तेथेच संपते. इतक्या क्षुल्लक कारणाने नवे पंप विकत घेतलेले लोक आमच्या माहितीत आहेत. दाब सोडणाऱ्या स्प्रिंगखाली वायसर घालून काटा चढविण्याची युक्ती काही ठिकाणी करतात. ती फसवणूक आहे, याहून अधिक लिहिण्याचे कारण नाही.

रॉकरकडे जाणारी नळी हा या इंजिनाचा दुसरा नाजूक भाग. दाब कमी, नळी बारीक, आणि प्रवास वरच्या दिशेने. त्यामुळे गाळ येथे लवकर अडतो. वरचे झाकण काढून गरम इंजिन मंद चालवावे व प्रत्येक रॉकरपाशी तेल ओलसर झिरपते की नाही हे दिव्याने पाहावे. मध्यावरचे रॉकर ओले आणि टोकांचे कोरडे असतील तर दांड्या काढून त्यांची आतील पोकळी साफ करावी लागते. नळी साफ होण्यापलीकडे गेली असेल तर बाहेरून स्वतंत्र नळी काढता येते. पण तिचे छिद्र मोठे ठेवू नये. वर तेल अधिक झाले की ते व्हॉल्व्हच्या मार्गदर्शिकांतून खाली उतरते, गाडी निळा धूर सोडते, आणि खाली रॉडच्या वाट्याचे तेल तेवढे कमी होते. एका दुकानाची तूट दुसऱ्या दुकानाच्या गल्ल्यातून भरून काढण्यासारखेच हे आहे.

गाळणीविषयी एक शब्द. पाणी गाळून पिण्याचा आचार ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला त्या घरांतील मोटारी न गाळलेल्या तेलावर चालाव्यात, हा एक विनोदच आहे. या इंजिनांत मुळात गाळणी नसे. हवी असल्यास बाजूची गाळणी जोडून मिळे. तीतून सर्व तेल जात नाही. थोडे थोडे जाऊन चेंबरात परतते. आजही तशी जोडावयास हरकत नाही, मात्र तिच्या तोंडाशी अगदी बारीक छिद्राचा अडथळा असलाच पाहिजे. तो नसल्यास चौदा पौंडांतील निम्मे गाळणीतच जातील. आजकालचे तेल घाण धरून ठेवते, तळाशी बसू देत नाही. म्हणून साफ केलेल्या इंजिनात ते उत्तम. पण चेंबर न उतरविता गाळ भरलेल्या इंजिनात ते घातले तर वर्षानुवर्षांचा गाळ ते हळूहळू सोडविते आणि तोच तोट्यांपर्यंत पोचविते.

सर्व जोडणी झाल्यावर पहिल्यांदा गाडी सुरू करणे, हा खरा कसोटीचा प्रसंग. पंप बसविताना त्यात व्हॅसलिन भरावे, म्हणजे तो कोरडा फिरत नाही व तेल चटकन ओढतो. चेंबर चढविण्यापूर्वी सहाही पन्हळींत हाताने तेल ओतावे आणि चेंबर न कलंडता वर न्यावे. दोन माणसांचे काम आहे. रॉकरवर तेलाच्या बुधलीने तेल घालावे. नंतर सहाही प्लग काढावेत व काटा हलेपर्यंत हँडलने किंवा स्टार्टरने इंजिन फिरवावे. प्लग काढल्याने बेअरिंगांवर भार पडत नाही. काटा हलल्यावरच प्लग बसवून गाडी सुरू करावी. पाच-सहा महिने उभी राहिलेली गाडीही, चेंबर उतरविले नसले तरी, याच रीतीने प्लग काढून फिरवावी. दसऱ्याच्या सकाळी यास अर्धा तास लागतो. पूजेचा मुहूर्त तेवढा धरून ठरवावा.

दर रविवारी पाच मिनिटे गाडी सुरू करण्याची काहींची पद्धत आहे; तिच्यापेक्षा गाडी मुळीच सुरू न करणे बरे. जळणाऱ्या पेट्रोलातून पाणी तयार होते. इंजिन पुरते तापले नाही तर ते वाफ होऊन बाहेर जात नाही, तेलात मिसळते, आणि झाकणाखाली लोण्यासारखा पांढुरका फेस जमतो. आमच्या बेळगावच्या चार महिन्यांच्या पावसात हे हमखास घडते. सुरू करावयाचीच तर अर्धा तास रस्त्यावर चालवावी. झाकणावरील श्वासाच्या टोपीची जाळीही वर्षातून एकदा धुवावी, कारण ही वाफ बाहेर पडण्याच्या कामी तिचाही हात असतो.

काही तरुण मंडळी असा प्रश्न करतात की, एवढा खटाटोप करण्यापेक्षा नंतरचे पूर्ण दाबाचे इंजिनच का बसवू नये? शेव्हरलेटने स्वतःच १९५३ साली आपल्या २३५ घनइंची इंजिनात, प्रथम स्वयंचलित गिअरच्या गाड्यांपुरती, रॉडनाही दाबाने तेल देण्याची रचना आणली व १९५४ पासून ती सर्व गाड्यांस लागू केली. ते इंजिन या गाडीत थोड्या फेरफाराने बसते, आणि परदेशांत अनेकांनी बसविले आहे. ज्यास महामार्गावर ताशी शंभर किलोमीटरने जावयाचे आहे त्याने खुशाल विचार करावा. परंतु २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हीए या अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली, तीत गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. इंजिन बदलण्यापूर्वी हे लक्षात घेतलेले बरे. त्या नोंदणीच्या गाडीस रोजच्या वापराची परवानगीही नाही. प्रदर्शन, फेरी, इंधन व दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. ताशी पन्नास-साठच्या चालीस पळी आणि पन्हळ पुरेशी आहे. त्या काळच्या माणसांनी या गाड्या याच रचनेवर लाखो मैल चालविल्या.

तेल बदलण्याचा अवकाश मात्र त्या काळापेक्षा कमी ठेवावा: गाळणी नसल्यास दीड हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. सोडलेले तेल पांढऱ्या थाळीत घेऊन उन्हात एक दिवस ठेवावे व मग वरचे अलगद ओतून तळ पाहावा. काळी रेघ दिसली तर ती काजळी. करडी, चांदीसारखी चमकणारी भुकटी दिसली तर रॉडचे मेटल उतरू लागले आहे. मग गाडी त्या दिवसापासून उभी करावी आणि एकेक प्लग तोडून ठोका कोणत्या रॉडचा आहे हेही ऐकत बसू नये. रॉडमध्ये नवे मेटल भरून ते हाताने बसविणारे कारागीर आता फार थोडे उरले आहेत. वेळीच थांबलेल्या गाडीचा एक रॉड भरून भागते. तशीच चालविलेल्या गाडीचा क्रँक कातून घ्यावा लागतो, आणि मग सहाच्या सहा रॉड घेऊन त्या कारागिराच्या दारी बसावे लागते.